मुलांच्या बागेचा माळी

तुमच्या घरात किंवा शेजारी चार-पाच वर्षांचे एखादे मूल असेलच. ते कोणत्या वर्गात आहे असे विचारले, तर घरची माणसे सांगतात, के. जी. मध्ये आहे. ज्युनिअर के. जी., सीनिअर के. जी. हे शब्द आपल्या तोंडी इतके बसले आहेत, की त्यांचा अर्थ कोणी विचारतच नाही. के. जी. म्हणजे किंडरगार्टन. हा शब्द इंग्रजी आहे असे पुष्कळांना वाटते. पण तो जर्मन भाषेतला आहे. किंडर म्हणजे मुले आणि गार्टन म्हणजे बाग. मराठीत आपण बालोद्यान म्हणू, उर्दूत बच्चों का बाग म्हणू.

हा शब्द फ्रेडरिक फ्रोबेल यांनी तयार केला. लहान मूल खेळते तेव्हा ते वेळ वाया घालवत नसते, ते शिकत असते, हे त्यांचे सांगणे होते. आज आपल्याला यात विशेष काही वाटत नाही. पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी हे सांगणाऱ्या फ्रोबेल यांना लोक वेडा म्हातारा म्हणत. एवढेच नव्हे, तर एका मोठ्या राज्याच्या सरकारने त्यांच्या बालवाड्यांवर बंदी घातली. मुलांच्या खेळाची सरकारला भीती का वाटावी, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर पुढे मिळेल. आधी त्यांचे बालपण पाहू.

जर्मनीत थुरिंगिया नावाचा डोंगराळ, दाट जंगलांचा प्रदेश आहे. तेथील ओबरवाइसबाख या खेड्यात २१ एप्रिल १७८२ रोजी फ्रेडरिकचा जन्म झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. आसपासच्या अनेक वाड्यावस्त्यांचे काम त्यांच्याकडे असल्यामुळे ते सदा कामात बुडालेले असत. फ्रेडरिक नऊ महिन्यांचा असतानाच त्याची आई वारली. नोकरचाकर आणि मोठे भाऊ यांच्या हाताखाली तो वाढू लागला. पुढे वडिलांनी दुसरे लग्न केले. नवी आई सुरुवातीला त्याला मायेने जवळ घेई. तिला स्वतःचा मुलगा झाला आणि सारे बदलले. जर्मन भाषेत जवळच्या माणसाला तू म्हणतात. सावत्र आईने फ्रेडरिकला तू म्हणणेच सोडून दिले. परक्या माणसाशी बोलावे तशी ती त्याच्याशी बोलू लागली. तू, तुम आणि आप यांतला फरक तुम्हांला चांगला माहीत आहे, म्हणून त्या मुलाच्या मनाला काय झाले असेल हे तुम्हांला चटकन समजेल. मोठेपणीही फ्रोबेल ही गोष्ट विसरले नाहीत.

त्यांच्या घराभोवती भिंती आणि कुंपण होते. समोर उंच चर्च होते. बाहेर जाऊन इतर मुलांबरोबर खेळायची परवानगी नव्हती. घरामागच्या छोट्या बागेत फ्रेडरिक एकटाच हिंडत असे, फुले पाहत असे, मातीत काम करत असे. वडिलांनी त्याला वाचायला शिकवले. पण ते शिकवणे फार कष्टाचे झाले. हा मुलगा मंदबुद्धीचा आहे, असे त्यांचे मत बनले. गावातल्या मुलांच्या शाळेच्या शिक्षकाशी त्यांचे पटत नव्हते, म्हणून त्यांनी फ्रेडरिकला मुलींच्या शाळेत घातले.

दहाव्या वर्षी त्याचे दैव पालटले. श्टाट्इल्म या गावी राहणारे त्याचे मामा त्याला आपल्या घरी घेऊन गेले. तेथे शाळा होती, सोबती होते आणि मुख्य म्हणजे मैदान होते. सुरुवातीला फ्रेडरिकला धड पळताही येईना. कधी खेळलाच नव्हता, तर येणार कसे? सवंगडी त्याला खेळात घेत नसत. हळूहळू अंगात बळ आले, भीती गेली, आणि तो त्यांच्यातलाच एक झाला. पुढे फ्रोबेल यांनी खेळाविषयी जे सांगितले, त्याची सुरुवात मला येथे दिसते. ज्याला खेळ भरपूर मिळतो त्याला त्याची किंमत कळेलच असे नाही. ज्याला तो दहा वर्षे मिळाला नाही त्याला ती नक्की कळते.

यानंतरची काही वर्षे फ्रोबेल यांनी नुसती धडपड केली. पंधराव्या वर्षी ते एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारी करू लागले. त्याला शिकवायला फुरसत नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच झाडे ओळखायला सुरुवात केली. पुढे ते येना येथील विद्यापीठात गेले. तेथे जवळचे पैसे भावाला उसने दिले आणि खानावळीचे देणे थकले. त्यापायी त्यांना नऊ आठवडे विद्यापीठाच्या तुरुंगात बसावे लागले. मग शेतीची देखरेख, जमिनीची मोजणी, हिशेबनीस अशी अनेक कामे त्यांनी केली. एकातही मन रमले नाही.

१८०५ साली ते इमारती बांधण्याची विद्या शिकण्यासाठी फ्रँकफुर्टला आले. तेथे एका नव्या पद्धतीच्या शाळेचे मुख्याध्यापक त्यांना भेटले. त्यांनी या तरुणाला ओळखले आणि आपल्या शाळेत शिकवायला बोलावले. वर्गात पाऊल टाकताच फ्रोबेल यांना पाण्यात सोडलेल्या माशासारखे वाटले. घरे बांधायचा विचार त्यांनी तेथेच सोडला.

त्या काळी स्वित्झर्लंडमध्ये योहान पेस्तालोझी नावाचे थोर शिक्षक होते. मुलांकडून पाठ करून घेण्याऐवजी त्यांना वस्तू दाखवा, हाताळू द्या, असे ते सांगत. फ्रोबेल १८०८ ते १८१० अशी दोन वर्षे त्यांच्या संस्थेत राहिले. वर्गातील शिकवणे तर त्यांनी पाहिलेच. पण मोकळ्या हवेत चाललेले मुलांचे खेळही ते बारकाईने पाहत.

त्यानंतर फ्रोबेल यांनी बर्लिनमध्ये स्फटिकांचा अभ्यास केला. स्फटिक म्हणजे काय? मिठाचा एक मोठा खडा घेऊन पाहा. त्याच्या बाजू सपाट आणि कोपरे नीट असतात. हे आकार कोणी घासून केलेले नसतात, ते आपोआप तयार होतात. १८१३ साली फ्रोबेल नेपोलियनविरुद्धच्या लढाईत स्वयंसेवक म्हणून गेले. परत आल्यावर त्यांना बर्लिनच्या खनिजांच्या संग्रहालयात नोकरी लागली. रोज हातात निरनिराळे स्फटिक असत. साध्या आकारांतून निसर्ग केवढे वैविध्य उभे करतो, याचे त्यांना नवल वाटे. हे आकार लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा भेटणार आहेत.

१८१६ साली त्यांनी ही चांगली नोकरी सोडली. त्यांचा एक भाऊ साथीच्या तापाने वारला होता आणि त्याची मुले पोरकी झाली होती. त्या मुलांना शिकवण्यासाठी फ्रोबेल यांनी शाळा काढली. विद्यार्थी पाच, आणि पाचही पुतणेच! पुढच्या वर्षी ही शाळा काइलहाऊ या खेड्यात गेली. युद्धात भेटलेले दोन मित्र, मिडेनडोर्फ आणि लांगेथाल, तेथे शिकवायला आले. शाळा वाढली, साठच्या आसपास मुले झाली. मग सरकारला या मंडळींचा संशय येऊ लागला, लोकांनी मुले काढून घेतली आणि विद्यार्थी पुन्हा बोटांवर मोजण्याइतके उरले. कर्ज झाले. त्या दिवसांतच, १८२६ साली, फ्रोबेल यांनी माणसाच्या शिक्षणावरचा आपला मुख्य ग्रंथ छापला. ग्रंथ मोठा आहे आणि खरे सांगायचे तर वाचायला बराच अवघड आहे.

इतकी वर्षे शिकवल्यावर त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. शाळेत मूल येते तेव्हा ते सहा-सात वर्षांचे असते. तोवर त्याची जिज्ञासा जागी तरी झालेली असते किंवा मारून तरी टाकलेली असते. मग शिक्षकाने कितीही कष्ट केले तरी पहिली वर्षे परत येत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये असताना त्यांच्याकडे एका अनाथालयाचे काम होते. तेथे अगदी लहान मुले त्यांच्या नजरेसमोर होती. या वयाच्या मुलांसाठी काय करावे? त्यांना बाकांवर बसवून अक्षरे घोटायला लावणे फ्रोबेल यांना मान्य नव्हते. नुसते सांभाळणे आणि गप्प बसवणे हेही मान्य नव्हते. मूल स्वतःहून जे करते तेच त्याच्या शिक्षणाचे साधन करावे, असे त्यांनी ठरवले. मूल स्वतःहून खेळते.

१८३७ साली ते ब्लांकेनबुर्ग या गावी आले. त्यांचे वय तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. तेथे त्यांनी खेळणी तयार करायला घेतली. या खेळण्यांना ते भेटी म्हणत.

पहिली भेट होती लोकरीचे सहा मऊ चेंडू. तांबडा, निळा, पिवळा, हिरवा, नारिंगी आणि जांभळा. चेंडूला दोरी बांधलेली असे. आई चेंडू बाळासमोर हलवते, मुठीत लपवते, पुन्हा काढते. बाळ हसते. तुम्ही म्हणाल, यात शिकण्यासारखे काय आहे? बाळाला कळते, की चेंडू आता होता, आता नाही, आता परत आला. वर, खाली, जवळ, दूर हे शब्द त्याला नुसते ऐकू येत नाहीत, ते दिसतात.

दुसऱ्या भेटीत लाकडाचे तीन आकार होते. एक गोळा, एक घन म्हणजे फाशासारखा सहा सारख्या बाजूंचा ठोकळा, आणि एक दंडगोल म्हणजे डब्यासारखा आकार. गोळा कसाही ठेवा, घरंगळतो. घन ठेवाल तेथे राहतो. दंडगोल उभा ठेवला तर राहतो, आडवा ठेवला तर घरंगळतो. जणू त्याच्यात त्या दोघांचेही गुण आले आहेत. हे आकार दोरीला टांगून गरगर फिरवत. घन वेगाने फिरू लागला, की तो दंडगोलासारखा दिसे! घरी एखाद्या ठोकळ्याच्या वरच्या बाजूला मधोमध दोरा चिकटवून तुम्हीही हे करून पाहा.

तिसरी भेट मला सर्वांत आवडते. एका लाकडी पेटीत एक घन असतो. पेटी उपडी करून अलगद उचलली, की तो टेबलावर राहतो. जवळून पाहिले तर तो एक नसतो, आठ लहान घन नीट रचलेले असतात. मूल ते वेगळे करते. त्यांची खुर्ची होते, जिना होतो, विहीर होते. तेच ठोकळे फुलासारखे मांडले, की सुंदर नक्षी होते. आणि तेच ठोकळे चार-चार वेगळे केले, की अर्धा भाग कळतो. दोन-दोन केले, की पाव भाग कळतो. अपूर्णांक हा शब्द त्या मुलाने ऐकलेलाही नसतो, पण अपूर्णांक त्याच्या हातात असतो. यात एक गमतीचा नियम होता. आठही ठोकळे वापरायचे. खुर्चीचा पलंग करायचा असेल तर खुर्ची उधळून द्यायची नाही. एक-एक ठोकळा हलवत तिचाच पलंग करायचा. खेळ संपला, की सारे पुन्हा पेटीत घन होऊन बसले पाहिजेत. पुढच्या भेटींत ठोकळ्यांची संख्या वाढत जाई आणि विटांसारखे, तिरपे कापलेले असे नवे आकार येत. संग्रहालयातले स्फटिक आता मुलांच्या मुठीत आले होते.

याशिवाय कागदाच्या घड्या घालणे, विणणे, मातीचे आकार करणे, गोल करून गाणी म्हणत नाचणे हेही असे. शाळेला खरीखुरी बाग होती. प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा मिळे आणि भोवतीचे मोठे वाफे सर्वांचे मिळून असत. आपल्या वाफ्यात काय लावायचे ते मूलच ठरवी. पाणी घालायला विसरला तर रोप सुकते, हे शिक्षकाला ओरडून सांगावे लागत नसे.

एवढे होऊनही या शाळेला काय म्हणावे ते सुचत नव्हते. शाळा हा शब्द फ्रोबेल यांना नको होता. एकदा मित्रांबरोबर डोंगरातून चालत जाताना त्यांना किंडरगार्टन हा शब्द एकाएकी सुचला आणि ते आनंदाने ओरडले, असे सांगतात. माळी रोपाला ओढून वाढवत नाही. तो माती भुसभुशीत करतो, पाणी घालतो, ऊन-सावली पाहतो. वाढते ते रोपच. २८ जून १८४० रोजी ब्लांकेनबुर्ग येथे मोठा समारंभ होऊन किंडरगार्टनची रीतसर स्थापना झाली. पैशांसाठी जर्मन स्त्रियांनी शेअर घ्यावेत, अशी योजना त्यांनी मांडली; पण फारच थोडे शेअर खपले. पत्नी आदल्याच वर्षी वारली होती. स्वतःचे मूल त्यांना नव्हते.

या कामासाठी त्यांनी तरुण स्त्रियांना शिकवून तयार करायला सुरुवात केली. त्या काळी शिक्षक म्हणजे पुरुषच, असा समज होता. त्यामुळे काही पुरुष शिक्षकांनी नाके मुरडली. १८४४ साली त्यांनी आयांसाठी बोटांच्या खेळांचे आणि गाण्यांचे एक सचित्र पुस्तकही काढले. घरातली आई हीच पहिली शिक्षिका, हे त्यांनी कधी सोडले नाही.

१८४९ साली बेर्टा फॉन मारेनहोल्ट्स-ब्यूलो नावाच्या एका सरदार घराण्यातील बाई बाड लिबेनश्टाइन या गावी हवापालटासाठी आल्या होत्या. गावात एक वेडा म्हातारा आला आहे आणि तो खेड्यातल्या पोरांबरोबर नाचतो, खेळतो, असे त्यांच्या कानावर आले. त्या पाहायला गेल्या. लांब केसांचा, उंच, सडपातळ म्हातारा टेकडीवर अनवाणी पोरांना खेळवत होता. बाईंनी थोडा वेळ पाहिले आणि त्यांना कळले, की हा माणूस वेडा नाही. त्या त्यांच्या शिष्या झाल्या. पुढच्या वर्षी, १८५० च्या ऑगस्टमध्ये, आल्टेनश्टाइन येथे खेळांचा मोठा उत्सव झाला. आसपासच्या गावांतील सुमारे तीनशे मुले एकत्र खेळली. फ्रोबेल यांच्या आयुष्यातला तो आनंदाचा दिवस असावा.

त्यानंतर वर्षभरातच घाला आला. जर्मनी तेव्हा एक देश नव्हता. अनेक लहानमोठी राज्ये होती. त्यांत प्रशिया सर्वांत बलाढ्य होते. १८४८ साली तेथे लोकांनी राजसत्तेविरुद्ध उठाव केला होता. तो मोडला, पण सरकारच्या मनात धास्ती राहिली. मोकळेपणाने वागायला शिकवणारी कोणतीही संस्था त्याला धोक्याची वाटू लागली. त्यात फ्रोबेल यांचा पुतण्या कार्ल याने स्त्रियांच्या शिक्षणाविषयी आणि बालवाड्यांविषयी एक पुस्तिका लिहिली होती. त्याची मते चुलत्यापेक्षा वेगळी होती. प्रशियाच्या मंत्र्यांनी दोघांचा घोटाळा केला. किंडरगार्टनमधून मुलांना देव न मानणे आणि समाजवाद शिकवला जातो, असा आरोप ठेवून ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशियात सर्व बालवाड्यांवर बंदी घालण्यात आली. आरोप कोणावर, तर देवावर गाढ श्रद्धा असलेल्या, धर्मोपदेशकाच्या मुलावर! फ्रोबेल यांनी मंत्र्यांना लिहून खुलासा केला. पुतण्या वेगळा, मी वेगळा, हे पटवण्याचा प्रयत्न केला. सरकारने चूक कबूल केली नाही आणि बंदीही उठवली नाही. लोकरीचे चेंडू आणि आठ ठोकळे राज्याला धोक्याचे ठरले!

फ्रोबेल तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे होते. मारियेनथाल येथे ते शिक्षिकांना शिकवतच राहिले. २१ जून १८५२ रोजी त्यांचे निधन झाले. जवळच्या श्वाइना गावी त्यांच्या कबरीवर एक घन, त्यावर दंडगोल आणि त्यावर गोळा असे दगडी स्मारक आहे. दुसरी भेटच ती.

बंदी १८६० साली उठली. ती पाहायला ते नव्हते. पण बंदीमुळे एक उलटेच झाले. मारेनहोल्ट्स-ब्यूलो बाई देशोदेशी हिंडून हा विचार सांगू लागल्या. जर्मनी सोडून गेलेल्या स्त्रियांनी परदेशात बालवाड्या काढल्या. मार्गारेटे शुर्ट्स यांनी १८५६ साली अमेरिकेतील वॉटरटाऊन येथे घरातच एक किंडरगार्टन सुरू केले. अमेरिकेतील विख्यात वास्तुशिल्पकार फ्रँक लॉइड राइट यांना लहानपणी आईने फ्रोबेलचे ठोकळे आणून दिले होते. ते ठोकळे जन्मभर आपल्या बोटांत राहिले, अशी त्यांची भावना होती.

सगळीकडे मात्र असे झाले नाही. काही ठिकाणी शिक्षिका हुकूम सोडी आणि सारी मुले एकाच वेळी एकच ठोकळा उचलत. मग तो खेळ कसला? ती कवायत झाली. आपल्याकडेही नाव किंडरगार्टनचे आणि दप्तरात दुरेघी वह्यांची चळत, असे दृश्य दिसते. चार वर्षांच्या मुलाची बोटे पेन्सिल घट्ट धरून दुखू लागतात, आणि पान पूर्ण झाले म्हणून घरी आनंद होतो. तुमच्या धाकट्या भावंडाची वही एकदा उघडून पाहा.

आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी लहान मुलांच्या शिक्षणाला आयुष्य वाहिले. त्यांच्यावर इटलीच्या मारिया माँटेसरी यांच्या विचारांचा प्रभाव अधिक होता. दादरमधल्या बालमंदिरात चांगली साधने होती; पण ती महाग होती. १९४५ साली त्या शहर सोडून ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. आज हे गाव पालघर जिल्ह्यात आहे. गरिबांची आणि आदिवासींची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे पाहून त्यांनी बालवाडीच त्यांच्या वस्तीत, अंगणात नेली. विकतच्या साधनांऐवजी पाने, बिया, शिंपले आणि खडे वापरले. अनुताई वाघ यांनी त्यांना या कामात साथ दिली. अंगणात भरते म्हणून तिला अंगणवाडी म्हणू लागले. १९७५ साली भारत सरकारने लहान मुलांसाठी देशभर योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव दिले गेले.